बाजाराच्या भिंतीवरचं गाव

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फ्लेक्सचं दुकान टाकून बघावं! वाढदिवस, बारसं, निवड, फेरनिवड, श्रद्धांजली... गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी माझ्या खुर्चीत बसून "जरा गोरं कर की बालाजी" म्हणून गेलेला आहे. फोटो निवडायला बसलेला माणूस सगळं खरं बोलतो. त्यामुळं माझ्याकडं किस्से साचतात ते सोयाबीनच्या पोत्यांसारखे; खालचं एक ओढायला जावं तर वरची अंगावर येतात.

पण अलीकडं साचलेत ते दुकानातले नाहीत. ते भिंतीचे आहेत.

आमचं गाव अहमदपूर आणि चाकूरच्या मधलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या दोन्ही पार्ट्या दुकानात येऊन बसतील. गावात आठवडी बाजाराचं मैदान आहे आणि मैदानाला लांबलचक भिंत, पाण्याच्या टाकीपासून पार मारुतीच्या देवळापर्यंत. बांधली तेव्हा म्हणे पांढरी होती. आमच्या पिढीनं ती लालच पाहिली! पान, तंबाखू, मावा, गुटखा, ज्याची जशी ऐपत तसं त्यानं तिथं वाहिलेलं.

ही भिंत नगरपंचायत लातूरच्या कुठल्याशा क्लासवाल्याला जाहिरातीसाठी देणार असं कळलं आणि सुमनकाकू पेटल्या. काकू अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. अर्धं गाव त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालंय, त्यामुळं त्यांच्यापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नाही. त्यांनी मला, रज्जाक पेंटरला आणि इतिहासाच्या कदम गुरुजींना सोबत घेतलं आणि थेट मुख्याधिकारी साहेबांची केबिन गाठली.

"भिंत आमी रंगवणार. गावाचं काल आन् आज. समदं गाव मिळून."

साहेब हसले. म्हणाले, "रंगवा. दसऱ्याआधीच्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः बघायला येतो. एक जरी लाल पिचकारी दिसली, तर दुसऱ्या दिवशी चुना मारून भिंत क्लासवाल्याला देणार."

बाजाराचा दिवस! म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांची तोंडं भरलेली असतात तो दिवस. साहेबांनी अट घातली नव्हती, आमची तिरडीच बांधली होती.

बाहेर आल्यावर रज्जाकभाई इतकंच म्हणाले, "बालाजी, तुझ्या मशीननं माझा ब्रश बसवला. आता हा शेवटचा डाव. ह्या भिंतीवर चुना फिरला तर रज्जाक पुन्हा ब्रश हातात धरणार न्हाई." ते हसत म्हणाले, पण मला काही हसू आलं नाही. एके काळी या भागातली प्रत्येक दुकानाची पाटी त्यांच्या हातची असायची. आता ते मुलाच्या मोबाइल दुकानात बसून काचेला चिकटपट्ट्या लावतात.

* * *

पहिली मीटिंग देवळाच्या पारावर. प्रश्न एकच, लोक थुंकायचे कसे थांबणार? कुणीतरी म्हणालं, "सोपं हाय. देवाच्या चित्राच्या फरश्या लावा. ओळीनं."

काकूंनी त्याला देवळाच्या मागं नेलं. तिथं पूर्वीच कुणीतरी तशा फरश्या लावलेल्या. देव स्वच्छ होते, हे मान्य. पण दोन देवांच्या मधल्या जागेत माणसांनी असा काही नेम साधला होता की बघत राहावं!

"बघितलास? देव क्षमा करतोय, हे समद्यांना ठाव हाय," काकू म्हणाल्या. "माणसं काढा. ह्याच गावातली, वळखीची. देवावर थुंकतील, पण भिंतीवर शेजाऱ्याचा बाप उभा असला तर थुंकून घरी जातील कसं?"

ठराव एकमतानं पास.

* * *

भिंत घासून, धुऊन, पांढरी झाली. आख्ख्या गावानं घासली. गोधड्या धुवायला नदीवर जातात तसा जथा निघाला होता! ज्यांनी लाल केली होती तेच सगळ्यात जोरात घासत होते, आणि "कोण थुंकतंय की बाबा एवढं" असं एकमेकांना विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रज्जाकभाई एकटेच येऊन कामाला लागले. आम्ही पोचलो तर भिंतीच्या मधोमध, हातभर उंच अक्षरांत, खाली निळी सावली वगैरे देऊन, एकच गोष्ट रंगवलेली: "रज्जाक पेंटर".

"भाई, चित्र कुठंय?"

"चित्र होईल की. दुकान उघडताना आधी पाटी लावतात का आधी माल भरतात?"

पुढं पाऊस लागला आणि काम थांबलं. तोवर त्या पांढऱ्याशुभ्र लांबलचक भिंतीवर तेवढंच एक नाव. पानटपरीवाल्यानं भाईंना चहा पाजला आणि कानात विचारलं, "चाचा, कंच्या वॉर्डातून?"

भाईंनी चहा संपवला आणि मगच सांगितलं की आपण निवडणुकीला उभे नाही.

* * *

कदम गुरुजींकडं इतिहासाचं खातं. गुरुजींनी शाळेत आयुष्यभर एकच तक्रार केली, की पोर्शन पूर्ण होत नाही. इथंही तेच झालं! त्यांनी आराखडा आणला तो राष्ट्रकूटांपासून. मग चालुक्य, मग यादव, मग बहामनी. निजाम येईपर्यंत भिंत संपत आली होती.

काकूंनी आराखडा दोनदा वाचला. "गुरुजी, निजाम गेला, तिरंगा लागला, ते कुठं हाय?"

"ते देवळाच्या कोपऱ्यावर. थोडं दाटीनं बसवू."

"आन् आपण?"

गुरुजींनी कागद उलटा केला. "आपण... वळून मागच्या बाजूला."

मागच्या बाजूला उकिरडा होता. काकूंनी गुरुजींच्या हातून खडू घेतला आणि राष्ट्रकूट ते बहामनी एवढी सगळी घराणी एका पिंपळाच्या बुंध्यात बसवून टाकली. "मुळं म्हणा त्यास्नी. मुळं खालीच असतेत."

तिरंग्याचं चित्र मात्र गुरुजींनी स्वतः रंगवलं. हात थरथरत होता म्हणून झेंड्याच्या कडा जरा वाकड्यातिकड्या आल्या. मी दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, "असू दे बालाजी. वाऱ्यावर आहे तो." आणि खरंच, लांबून बघितलं की तो फडफडतो! इतका सुंदर झेंडा मला कॉम्प्युटरवर कधी जमलेला नाही.

* * *

मग बैल. देवणी बैलाशिवाय आमच्याकडं चित्र पुरं होत नाही. भाईंनी जीव ओतून काढला. उंच वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, डोळ्यांत तेज. बाजाराच्या दिवशी देवणीकडचा एक म्हातारा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. मान एकदा इकडं, एकदा तिकडं.

"पेंटर, तोंड वानेऱ्याचं हाय. गालफडं काळी. पर अंगावर ठिपके शेवऱ्याचे. ह्यो नेमका कोण म्हणायचा?"

वानेरा आणि शेवरा हे देवणीचे दोन वेगळे वाण. देवणीतल्या माणसानं देवणीवर शंका घेतली, आता अपील कुठं करणार?

भाईंनी ब्रश पुसला. "आई वानेरा, बाप शेवरा. लव्ह मॅरेज हाय चाचा!"

म्हातारा हसला, पण समाधान झालेलं नव्हतं. सवयीनं पुढं झाला, बैलाचा ओठ वर करून दात बघायला हात घातला, आणि ओल्या रंगानं पंजा काळा करून घेतला. धोतराला हात पुसत म्हणाला, "घेतला असता. पर मालक तोंड उघडू देईना."

भाईंना यापेक्षा मोठं बक्षीस आजवर कुणी दिलेलं नाही. घरी जाऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं, मुलाला सांगितलं, आणि मोबाइल रिचार्जला येणाऱ्या प्रत्येकाला अजून सांगायलेत.

* * *

एका बैलावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण गुरुजी म्हणाले पोळ्याची मिरवणूक पाहिजे, आणि गाव पुन्हा दोन भागांत उभं राहिलं. आमच्याकडं पोळ्याला पहिला बैल कुणाचा, हा मान वरच्या आळीचा की खालच्या आळीचा, यावर आजोबांच्या काळापासून वाद. खऱ्या पोळ्याला पोलीस बंदोबस्त असतो. चित्रातल्या पोळ्याला बंदोबस्त कुठून आणायचा?

वरच्या आळीचे आले. "पुढचा बैल आमचा. शिंगाला आमची झूल... म्हंजी पाठीवर आमची झूल, शिंगाला आमचं बाशिंग."

खालच्या आळीचे आले. "तसं झालं तर भिंत ऱ्हाईल का न्हाई, सांगता येत न्हाई."

मधे तीन बाजार गेले. मिरवणुकीत वाजंत्री रंगून झाले, बाया रंगून झाल्या, मागचे बैल झाले, पण पहिल्या बैलाची जागा कोरी. शेवटी भाईंनी उपाय काढला. भिंतीला मधे एक गेट आहे, मैदानात जायचं. भाईंनी कोऱ्या जागेत वाजंत्री वाढवत मिरवणूक गेटापर्यंत आणली आणि गेटाच्या अगदी कडेला फक्त एक शेपूट रंगवली. गोंडेदार, ऐटीत उडालेली.

"पहिला बैल गेटातून आत गेला," भाईंनी जाहीर केलं. "आता तुमचं तुमी बघा कुणाचा ते."

दोन्ही आळ्यांनी शेपूट तपासली. दोन्हींनी ओळखली! आता दर बाजाराला दोन्हीकडचे लोक पाहुण्यांना आणून दाखवतात, "ही बघा आमच्या बैलाची शेपूट." पाहुणे गेटातून आत डोकावून येतात.

* * *

भिंतीवरच्या 'आज'मधे काकूंनी एक पोरगी काढली. पाठीला दप्तर, क्लाससाठी लातूरची बस पकडायला निघालेली. पाठमोरी काढली, म्हणजे कुणा एकाची वाटू नये. झालं उलटंच. ती प्रत्येकाची झाली!

मेथी विकणारी एक बाई थांबली. "काकू, पोरगी कुठं निघाली?"

"लातूरला. शिकाया."

"आन् भाकर बांधून दिली न्हाई व्हय तिला?"

काकूंनी हातात भाकरीचं फडकं काढलं. दुसरीनं विचारलं, पाण्याचं काय? बाटली आली. तिसरीला पावसाची काळजी, छत्री आली. चौथीची स्वतःची लेक तिथं हॉस्टेलवर राहून आजारी पडलेली, तिनं स्वेटर घालायला लावला. एकीनं लोणच्याची बरणी सुचवली आणि काकूंच्यानं नाही म्हणवेना.

एके दिवशी एक कंडक्टर चहा पिता पिता चित्राकडं बघत उभा होता. कप ठेवत म्हणाला, "काकू, आता पुरे. न्हाईतर मला हिचं लगेज लावावं लागंल."

ती लोणचं सुचवणारी बाई हसता हसता डोळ्याला पदर लावून उभी राहिली. तिची पोरगी त्याच आठवड्यात लातूरला शिकायला गेलेली.

* * *

आता आमचे भाऊ. भाऊ म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचे वर्षाला चार वाढदिवस असतात आणि प्रत्येक फ्लेक्सवर ते "भावी" काहीतरी असतात. भाऊ पांढऱ्या गाडीतून उतरले. "काकू, रंगाचं समदं माझ्याकडून. फकस्त एक फोटो आपला. नमस्काराच्या पोजमधी."

मी मनात म्हणालो, संपलं! रंग खरंच संपत आला होता. काकू उठल्या. "चला भाऊ, जागा दावते."

त्यांना थेट टाकीजवळच्या कोपऱ्यावर नेलं. त्या कोपऱ्यावर बाजूला पानटपरी, समोर ऑटो स्टँड. तिथला लाल रंग इतक्या वर्षांचा की आम्ही घासून घासून दमलो, तरी आतून गुलाबी यायचाच. काकूंनी बरोबर माणसाच्या तोंडाच्या उंचीला बोट टेकवलं.

"हितं बघा. समद्या गावाचं लक्ष हितंच जातंय."

भाऊंनी कोपरा बघितला. पानटपरी बघितली. टपरीपुढं उभी असलेली, गाल फुगलेली माणसं बघितली.

"काकू," भाऊ म्हणाले, "कलेत राजकारण नको." आणि रंग मात्र पाठवून दिला! माणूस वाईट नाही.

* * *

पण कोपरा राहिलाच. त्या कोपऱ्याचे मालक बब्रुवानमामा. ऑटो चालवतात. जागे असतात तोवर तोंड रिकामं नसतं, आणि पिचकारी त्या कोपऱ्यावरच जायची. इतकी वर्षं, तीच जागा. बाकी सगळ्या भिंतीवर लोक आता थुंकत नव्हते, पण मामांना सांगायचं कुणी? मी एकदा हात जोडले. म्हणाले, "बालाजी, आदत हाय रे. म्या न्हाई थुंकत, तोंडच थुंकतंय."

काकू म्हणाल्या, "मामाची आई हितंच बसायची ना, भाजी घेऊन?"

मला आठवलं. मथुराबाई. वांगी, शेपू, आणि मापाच्या वर मूठभर. आम्ही शाळेतून येताना हातावर गाजर ठेवायच्या. माझ्या कॉम्प्युटरमधे त्यांच्या पुण्यस्मरणाचा फोटो होता. मी तो मोठा करून दिला आणि भाईंनी कोपऱ्यावर मथुराबाई रंगवल्या. खाली बसलेल्या, पुढं टोपली, हातात तागडी, आणि नजर वर, समोर उभ्या राहणाऱ्याच्या तोंडाकडं. मी भाईंचं काम लहानपणापासून बघतोय. इतकं चांगलं त्यांनी कधी काढलं नव्हतं.

सकाळी मामांचा ऑटो आला. मामा उतरले, दोन पावलं नेहमीची टाकली, मान मागं घेतली. आणि तसेच थांबले. गाल भरलेले, मान मागं, डोळे आईवर.

आख्खा ऑटो स्टँड बघत होता. मामा वळले, रस्ता ओलांडून गटारीपर्यंत गेले, तोंड रिकामं केलं, नळावर चूळ भरली. परत आले. आईपुढं उकिडवे बसले, ती भाजी विकताना गिऱ्हाईक बसायचं तसे.

मग रज्जाकभाईंना म्हणाले, "लुगडं हिरवं असायचं तिचं. निळं न्हाई."

भाईंनी हिरव्या रंगाचा डबा उघडला.

* * *

आणि आला तो बाजाराचा दिवस. दसरा तोंडावर, झेंडूचे ढीग, मैदानात पाय ठेवायला जागा नाही. आम्ही चौघं सकाळपासून भिंतीची पाहणी करत फिरत होतो. रज्जाकभाई इस्त्रीचा शर्ट घालून बैलाखाली उभे. सारखे विचारायचे, "बालाजी, तिकडं काय दिसतंय का रे लाल?" तो लाल म्हणजे झेंडूवाल्याचा फेटा असायचा. भाईंचा चेहरा मात्र पांढराफटक.

साहेबांची जीप टाकीजवळ थांबली. साहेब उतरले. नमस्कार केला, तोंडातून शब्द नाही. काकूंनी विचारलं, "साहेब, इकडून सुरुवात करायची?" साहेबांनी नुसती मान हलवली. आम्हाला वाटलं, रागावलेत.

साहेब चालू लागले. मथुराबाई. मग तागडीवाले, मग एसटीचा ड्रायव्हर, मग बाळंतपणं करणारी सुईण. साहेब प्रत्येक चित्रापुढं थांबायचे, जवळ जायचे, बारकाईनं बघायचे आणि पुढं सरकायचे. चाल वाढत चालली. पोळ्याच्या मिरवणुकीपाशी आले तेव्हा कपाळावर घाम. गेटात डोकावले, आत गर्दी. पुढं लातूरची पोरगी, पुढं गुरुजींचा झेंडा, पुढं पिंपळ. आता साहेब जवळजवळ पळत होते, आणि मागं आम्ही, आणि आमच्या मागं अर्धा बाजार! भिंतीवर जागा म्हणून कुठं मोकळी नाही, जिथं तिथं कुणीतरी उभं राहून साहेबांच्या तोंडाकडं बघतंय.

मारुतीचं देऊळ आलं. भिंत संपली. साहेबांनी देवळापुढच्या चपला बघितल्या, देव बघितला, वळले. समोर सगळं गाव.

"साहेब," रज्जाकभाई पुढं झाले. "काय ठरवलं? चुना का..."

साहेबांनी तोंड घट्ट मिटून हात वर केला, जरा थांबा अशा अर्थी. डोळ्यांत पाणी. दोन्ही गाल फुगलेले.

काकूंच्या लक्षात आलं. मग माझ्या. मग हळूहळू सगळ्या बाजाराच्या. कुणी हसलं नाही. त्या क्षणाला जो हसला असता त्याला काकूंनी तिथंच पुरला असता.

तेवढ्यात गर्दी सारत बब्रुवानमामा पुढं आले. एरवी ऑटोच्या हँडलला अडकवायचा रंगाचा एक रिकामा डबा त्यांच्या हातात होता. आत वाळू, वरून तारेची कडी. त्यांनी तो दोन्ही हातांनी, आहेराचं ताट धरावं तसा, साहेबांपुढं धरला.

"घ्या साहेब, लाजू नका. समदा ऑटो स्टँड आता ह्येच वापरायलाय."

साहेबांनी डबा घेतला. गावाकडं पाठ केली, तर समोर भिंत. भिंतीकडं पाठ केली, तर समोर गाव. शेवटी डोळे मिटले.

मामांनी डबा परत घेतला, वरून झाकण लावलं आणि खिशातला रुमाल पुढं केला.

"झालं? मंग आता बोला साहेब. पेंटर कवाचा थांबलाय."